हात पुढे होईपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे, आणि जिथे कोणी बोलत नाही अशा घरात करकरण्याचा अपराध मी दीडशे वर्षं करत आलो आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, मक्याच्या शेतांमधल्या एका पांढऱ्या लाकडी सभाघरात माझा मुक्काम आहे. हे घर क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं. त्यांच्यात पुजारी नाही, मूर्ती नाही, आरती नाही. रविवारी दहाला यायचं, तासभर गप्प बसायचं, आणि ज्याला अगदीच राहवलं नाही त्याने उभं राहून चार वाक्यं बोलायची. तास झाला की सर्वांत वडीलधारं माणूस शेजाऱ्याशी हस्तांदोलन करतं. तेव्हा सभा संपते. तोवर कोणी उठत नाही.

मला त्यांच्यातल्याच एका सुताराने ओकच्या लाकडातून घडवलं. नक्षी काढली नाही, कारण नक्षी म्हणजे मिरवणं. पाठ मात्र इतकी ताठ ठेवली की कोणाला डुलकी लागू नये. लोक तरीही झोपत.

त्या काळी चाळीस घरं होती. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, बाहेर घोड्यांची रांग. माझ्यावर सात माणसं दाटीने बसत. आठवं आलं तर सहाजण प्रेमाने सरकत आणि सातवा देवाची परीक्षा समजून. पुढे मोटारींचे कारखाने निघाले, तरुण मुलं डेट्रॉइटला गेली. ही माणसं युद्धात लढायला नकार देत, म्हणून गावाने काही वर्षं त्यांच्याशी बोलणं टाकलं. गप्प बसणाऱ्यांना ही कसली शिक्षा, गावालाच ठाऊक. मग म्हातारी माणसं एकेक करून मागच्या अंगणातल्या बुटक्या दगडांखाली गेली. सातांचे पाच झाले, पाचांचे दोन. प्रत्येकाचं वजन मला अजून आठवतं. बाकाजवळ आठवायला दुसरं काय असतं?

शेवटी उरले एल्वुड आणि लुएला, शेजारशेजारचे शेतकरी. २००४च्या फेब्रुवारीत एल्वुड गेला. पुढच्या रविवारी शहाऐंशी वर्षांची लुएला एकटीच आली. तास झाला. तिने हात पुढे केला. तिथे कोणी नव्हतं. हात मांडीवर घेऊन ती बसून राहिली. दुपारी तीनला थंडी सोसेना, तेव्हा उठली. सभा न संपवता. असे रविवार वर्षभर गेले. छपरात गांधीलमाश्यांनी पोळं केलं, माझ्या पायाशी उंदराने संसार थाटला.

पुढच्या वर्षी मे महिन्यात दार वाजलं. नागपूरचे निवृत्त पोस्टमास्तर मनोहरकाका सहा महिन्यांसाठी डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावी मुलीकडे आले होते. मुलगी आसावरी मोटार कंपनीत इंजिनिअर. रोपं आणायला निघालेली ती दोघं रस्ता चुकली. काका रस्ता विचारायला आत आले, डोळे मिटलेली बाई पाहिली, आणि प्रार्थनेत व्यत्यय नको म्हणून माझ्यावर टेकले. मी करकरलो. पंधरा महिन्यांत प्रथमच लुएलाशिवाय कोणासाठी तरी.

तास झाला. लुएलाने हात पुढे केला. काकांनी उठून नमस्कार केला. हात तसाच राहिला. काकांनी आणखी वाकून नमस्कार केला. लुएला पुन्हा डोळे मिटून बसली. मग काकाही बसले.

अर्ध्या तासाने आसावरी आत आली, तेव्हा लुएलाने पुन्हा हात पुढे केला होता. "बाबा! रस्ता विचारायला आलात की मुक्कामाला?"

"हळू बोल. लुएला की काय, बाहेरच्या पाटीवर नाव आहे बघ. प्रार्थना चाललीय त्यांची."

"अहो, हात पुढे केलाय त्यांनी! शेकहँड करा."

"परक्या बाईंचा हात धरू?"

"धरा हो!"

काकांनी धरला. लुएलाने तो बराच वेळ सोडला नाही.

त्यानंतर काका दर रविवारी येऊ लागले. आसावरी त्यांना सोडून गाडीत बसे. तिचे कॉल असत. "बाबा, तिथे काय करता हो?" तिने एकदा विचारलं. काका म्हणाले, "इथल्या लोकांचं इंग्रजी मला झेपत नाही बाप्पा. इथे कोणी बोलतच नाही. या देशात तेवढ्याच जागी मी कोणाच्या मागे नाही."

सप्टेंबरात क्वेकरांच्या वरच्या मंडळाची दोन माणसं आली. "लुएला, एकट्या माणसाची सभा होत नाही."

"दोघांची होते," तिने काकांकडे बोट दाखवलं.

"ते ऑक्टोबरात जातायत ना?"

त्यांच्यात मतदान नसतं. सगळ्यांना पटेपर्यंत थांबतात. शेवटी ठरलं ते असं: नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी दुपारी दोनला ते येतील. ती एकटी असली तर सभाघर बंद करायला किल्ली देईल.

काका नागपूरला परतले. तो रविवार उजाडला. अकरा वाजले, बारा, एक. लुएला एकटीच बसून. दीडला गाडी वाजली. आसावरी धावत आत आली, फोन कानालाच. "हो बाबा, पोचले! नाही, उठल्या नाहीत... तुम्ही म्हणालात तसंच." तिने फोन बंद केला आणि उभ्याउभ्याच हात पुढे केला.

लुएलाने तो घेतला नाही. "हात नंतर," ती म्हणाली. "आधी बस."

आसावरी बसली. मधेच तिने बाजूच्या, बाबा बसायचे त्या रिकाम्या जागेवर तळवा ठेवला आणि डोळे पुसले. दोनला किल्लीवाले आले. पण चालू सभेत बोलायचं नसतं, हा नियम त्यांचाच. तेही बसले. एक जण भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहू लागला. घड्याळ कधीचं बंद होतं.

तीनला लुएलाने हात पुढे केला. आसावरीने धरला. किल्लीवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं, टोप्या घातल्या आणि म्हणाले, "बरं. पुढच्या वर्षी पाहू."

मित्रांनो, तुमच्याही आसपास असा एखादा बाक असेल. पॉलिश केलंत तर तो नाही म्हणणार नाही, पण त्याची खरी निगा म्हणजे बसणं. शेजारी कोणी म्हातारं माणूस असेल, तर निघायची घाई करू नका. ते हात पुढे करेपर्यंत थांबा.