शाळेतलं तांबं, पोटातलं तांबं

आमच्या शिलाईच्या दुकानात सगळ्यात खरी बातमी काजं करणाऱ्या मावशी देतात, आणि सगळ्यात खोटीही त्याच. फरक कळेपर्यंत बटण लावून झालेलं असतं.

त्या दिवशी वहिनी चार वाजता दवाखान्यात तांबी बसवून घ्यायला निघणार होती. तिचं बाळ नऊ महिन्यांचं. कटिंग मास्तर तिला कापड बेतायला शिकवणार होते, पण म्हणाले होते, "दोन वर्षं या टेबलाशी रोज उभी राहणार असशील तरच." वहिनीला ते टेबल हवंच होतं. तांबीचं ऐकून दादा म्हणाला, "मी विचारून सांगतो."

"कोणाला?" तिने विचारलं.

त्याचा एक मित्र आहे, तो पंक्चर काढतो. शेवटी "तू ठरव" म्हणाला, तेवढी अक्कल आली.

साडेतीनला मावशींनी दातांनी दोरा तोडला. "जातेस तर जा बाई. पण उद्यापासून चुंबकाला हात लावू नकोस."

सांडलेल्या टाचण्या गोळा करायला आमच्याकडे विटेएवढा चुंबक आहे. तो वहिनीच फिरवते.

"का?" वहिनीने विचारलं.

"तांबी ओढली जाते. माझ्या नणंदेच्या जावेची सरकत सरकत काळजापर्यंत गेली. आता धाप लागते तिला."

"ती चार जिने चढून जाते रोज," आई मशीनवरून मान वर न करता म्हणाली.

पण वहिनीचा पाय पायडलवर थांबला तो थांबलाच. "आज राहू दे," ती म्हणाली.

मी दहावीत आहे. गेल्या महिन्यात वर्गात एकदा हात वर केला, उत्तर बरोबर आलं, तेव्हापासून माझा हात खालीच येत नाही. मी जळलेल्या मोटरमधली तांब्याची तार काढली, टाचण्यांशेजारी ठेवली आणि चुंबक जवळ नेला. टाचण्या टपाटप चिकटल्या. तार ढिम्म.

"तांबं चुंबकाला चिकटत नाही," मी इतक्या मोठ्याने सांगितलं की पँटची उंची कमी करायला आलेले काका माप न देताच निघून गेले.

"ते शाळेतलं तांबं," मावशी म्हणाल्या. "पोटातलं वेगळं."

आता आईने मशीन बंद केलं. "सोळा वर्षांपूर्वी ही नुकती कामाला लागली होती, तेव्हा मलाही हिने हेच सांगितलं. तेव्हाही तीच जाऊ. मी दवाखान्याच्या पायरीवरून परत आले. तेव्हा ते टेबल मला मिळणार होतं."

"मग?" मी विचारलं.

"मग तू झालीस."

सगळे माझ्याकडे बघू लागले. म्हणजे मी एका अफवेची मुलगी. वाईट वाटून घ्यावं की मावशींचे आभार मानावेत, कळेना.

"तुला पश्चात्ताप होतो?"

"तुझा? निकालाच्या दिवशी थोडा. टेबलाचा रोज." आईने वहिनीच्या मांडीवरचं बाळ घेतलं. "नीघ तू. हिलाही ने, म्हणजे इथे शांतता राहील."

दवाखान्यात मी सात प्रश्न विचारले. वहिनीने एकच, "पायडल मारलं तर पडेल का?"

"खुशाल मारा," नर्सताई म्हणाल्या. "सुरुवातीचे काही महिने पाळीत जास्त जाईल, कळाही येतील. फार त्रास झाला तर या. दहा वर्षं चालते, पण नकोशी झाली तर कधीही काढता येते."

वहिनी बाहेर आली ती भिंत धरून. "दुखलं," म्हणाली, "पण पाचच मिनिटं." मग बाकावर बसून तिने मला कापड आडवं आणि उभं बेतण्यातला फरक समजावला. मी विचारला नव्हता.

सोमवारी ती टेबलाशी उभी होती, कानामागे खडू, समोर मास्तरांची बडबड. मास्तर चहाला गेल्यावर मावशी हळूच तिच्याजवळ सरकल्या. "फार दुखतं का गं? सुनेसाठी विचारते."

"मावशी, तुमचा मुलगा आठवीत आहे."

मावशींनी सुईत दोरा ओवायला घेतला. तिसऱ्यांदा चुकला.

"बरं," त्या म्हणाल्या, "ती नर्स किती वाजेपर्यंत असते?"