शारदेच्या मुलखातली थंडी

चौसष्ट सालच्या दिवाळीनंतर गोपाळकृष्णराव मद्रासला गेले आणि येताना सात वर्षांची शारदा घेऊन आले. ब्रह्मदेशातून आपल्या माणसांना हाकललं होतं. रावांचा शाळासोबती उत्तरेश्वर तिथं रेल्वेत होता, शारदा त्याची मुलगी. बायको आधीच वारलेली, आणि तो परतीच्या बोटीवर तापानं गेला. निदान रावांनी तसं सांगितलं. रावांच्या पत्नी चारुशीलाबाईंना मूल नव्हतं. त्यांनी पोरीला पदरात घेतलं आणि कळंबातल्या गल्लीभर पेढे वाटले.

शेजारच्या लक्ष्मम्मा पेढा खात म्हणाल्या, "गोड हाय हो पोर. कान तर थेट तुमच्या मालकावर गेलेत."

झालं! बाईंच्या मनात पाल चुकचुकली. छप्पन साली हैदराबादचं राज्य मोडलं तेव्हा कचेरीची दप्तरं लावायला राव महिनोन्महिने तिकडंच होते. पोरीचं वय त्याच हिशेबात बसत होतं. ब्रह्मदेश म्हणजे निव्वळ थाप तर नसेल?

नवऱ्याला विचारायची छाती होईना. बाईंनी पोरीची वेणी घालता घालता सहज विचारलं, "तुमच्याकडं हवा कशी होती गं?"

"थंडी, काकू. लई थंडी. सकाळी गवत पांढरं व्हायचं, मीठ टाकल्यागत."

कापडवाले बाबामियाँ मोठ्या लढाईत फौजेबरोबर रंगूनला जाऊन आले होते. बाईंनी खण बघता बघता विषय काढला.

"रंगूनला थंडी?" बाबामियाँ हसले. "तौबा, वैनी! आंगातला सदरा वाळत न्हवता. पाऊस लागला की चार-चार महिने हटत न्हाय. थंडी कसली!"

खण न घेताच बाई घरी आल्या. त्यांनी पोरीला समोर बसवलं. "नीट आठवून सांग. थंडी होती?"

शारदा त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "न्हवती. पाऊस होता."

"मग गवत पांढरं कशानं व्हायचं?"

"न्हवतं होत. ऊन होतं. इथल्यासारखंच."

बाईंच्या अंगाची लाही झाली. पढवलेली पोर, धडा विसरली! राव कचेरीतून आले तसा त्यांनी सगळा जाब एका दमात विचारला. हैदराबाद, कान, गवत, काही शिल्लक ठेवलं नाही.

रावांनी काढलेली टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "गावभर विचारलंस. मला का नाही विचारलंस?"

"तुम्ही सांगितलेलं मी खरं मानलं नसतं."

"उत्तरेश्वर रंगूनला होता, असं मी कधी म्हणालो?" एवढंच बोलून ते न जेवता बाहेर गेले.

ते वाक्य बाईंना डाचत राहिलं. दुसऱ्या दिवशी राव कचेरीत गेल्यावर त्यांनी शाळेतून नकाशांचं थोरलं पुस्तक मागवलं. पोरीच्या गावाचं नाव आपण एकदाही विचारलं नाही, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं.

"कलाव," शारदा म्हणाली.

बाईंनी रंगूनपासून बोट वर वर नेलं. हिरवा रंग संपला, डोंगरांचा तपकिरी लागला, आणि त्यात बारक्या अक्षरात ते नाव सापडलं. डोंगरात, पार उंचावर! तिथं थंडी नाही तर काय पडणार?

"मग तू पाऊस का म्हणालीस? ऊन का म्हणालीस?"

पोरीनं मान खाली घातली. "थंडी म्हटलं की तुम्ही रागवत होता. मला परत पाठवतील असं वाटलं. काकू, आता काय सांगू?"

 कानांची शंका अजून बाईंच्या मनातून पुरती गेली नव्हती. एका नकाशानं जाणार तरी कशी? पण या घरात त्यांच्याहून जास्त धास्ती घेऊन कुणीतरी वावरत होतं, आणि ते सात वर्षांचं होतं.

त्यांनी पुस्तक बाजूला सारलं, तिला जवळ ओढलं. "थंडीचंच सांग. गवत पांढरं झाल्यावर तुम्ही काय करायचा?"

"बाबा बादलीतला बर्फ काठीनं फोडायचे," शारदा म्हणाली, आणि अंदाज घेत, पुन्हा एकदा त्यांच्या तोंडाकडं बघून, पुढचं सांगू लागली.