लाल कॅन आणि कापसाचा बोळा

मी एक जुना पेट्रोलचा कॅन आहे. जुना म्हणजे किती, तर जेमतेम दीड वर्षाचा. पण मित्रांनो, अर्धं अंग वितळलेलं आणि गळा काळा पडलेला असल्यावर वय कोण विचारतं? आर्णीजवळच्या एका गावात, धम्मरत्नच्या घरामागे, बाभळीखाली मी पडून आहे. भंगारवाल्यानं मला दोनदा उचलून पाहिलं आणि दोनदा परत टाकलं. माझ्या पोटावर 'सुरक्षित' असा शब्द छापलेला आहे. तो अजून वाचता येतो. सगळ्यात आधी तोच वितळायला हवा होता.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. साच्यातून निघालो तेव्हा मी लालभडक होतो, आणि माझ्या तोंडावर एक हिरवी चोच बसवली होती. ही चोच म्हणजे तिथल्या साहेबांचा भारी अभिमान. आधी बटण दाबायचं, मग कडं फिरवायचं, मग चोच टाकीच्या तोंडावर टेकवून जोर द्यायचा, तेव्हा कुठे पेट्रोल उतरणार. कॅन आडवा पडला तरी थेंब सांडणार नाही, असं ते सांगत. जुन्या डब्यांना हवा आत यायला मागच्या बाजूला एक छोटं बूच असायचं. ते मला दिलं नाही. हवासुद्धा त्या चोचीतूनच ये-जा करील म्हणे. मला घडवणाऱ्यांपैकी एकजण जरी पाठीवर फवाऱ्याचा पंप घेऊन कपाशीत उभा राहिला असता, तर त्यानं ती चोच स्वतःच काढून फेकली असती.

धम्मरत्ननं मला हौसेनं घेतलं नव्हतं. तो गावोगावच्या शेतांत फवारणी करायचा. त्याचा पंप पेट्रोलवर चालायचा. आधी तो पाण्याच्या बाटलीत पेट्रोल आणायचा, पण पेट्रोल पंपावर बाटलीत देणं बंद झालं. चांगला कॅन आण, नाहीतर घरी जा, असं त्याला सांगण्यात आलं. म्हणून मी त्याच्या घरी आलो. ते साल गुलाबी बोंडअळीचं होतं. बाहेरून हिरवीगार दिसणारी बोंडं फोडली की आत अळी निघायची. लोक आठ-आठ दिवसांनी फवारे मारत होते आणि धम्मरत्नला श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

पहिल्याच दिवशी माझी अब्रू गेली. पंपाच्या टाकीचं तोंड चहाच्या कपाएवढं. माझ्या चोचीला टेकायला काठच मिळेना. धम्मरत्ननं बटण दाबलं तर कडं सुटलं, कडं धरलं तर बटण सुटलं. शेवटी त्यानं सगळा जोर लावला आणि मी गचकन पेट्रोल ओकलो. थोडं टाकीत गेलं, बरंचसं त्याच्या पँटीवर आणि गरम इंजिनावर. त्या दिवशी पेट घेतला नाही हे नशीब. शेताच्या धुऱ्यावर बसून त्यानं पँट झटकली. मग म्हणाला, "याले चालवाले तीन हात लागते. मले दोनच देल्ले." मला फार वाईट वाटलं. मी चांगलाच होतो हो, फक्त माझं चालणं माणसाच्या हातांना जुळत नव्हतं.

आर्णीत शब्बीर मेकॅनिकचं दुकान आहे. आजूबाजूचे सगळे फवारणी पंप दुरुस्तीला त्याच्याकडेच येतात. धम्मरत्ननं मला त्याच्यापुढे आपटलं. शब्बीरनं चोच उलटसुलट करून पाहिली आणि हसला.

"कॅन बनवला का कुलूप बनवलं, अबे?"

"काढून देऊ का हे फेकून?" धम्मरत्ननं विचारलं.

"काढशीन तर याच्यावर बूच काय लावशीन? याचा आटा दुसऱ्या कोनत्याच झाकनाले बसत नाई. माह्याजोळ पत्र्याचा जुना डबा आहे, फिरवून घट्ट बसते असं आट्याचं झाकन आहे त्याले. घेऊन जाय."

"पुढच्या बाजारी नेतो, शब्बीरभाई."

पुढचा बाजार आला आणि गेला. त्याच्या पुढचेही गेले. तो पत्र्याचा डबा शब्बीरच्या फळीवर अजून तसाच आहे म्हणतात. मित्रांनो, माझ्या सगळ्या कथेत मला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट कोणती असेल, तर तो न उचललेला डबा.

दसऱ्याच्या सुमारास चोचीची स्प्रिंग तुटली. धम्मरत्ननं ती उपटून फेकली. मग हवा जात नाही म्हणून पेट्रोल गुडगुड करत उडायला लागलं. तेव्हा त्यानं पोती शिवायचा दाभण घेतला आणि माझ्या पाठीला एक भोक पाडलं. आता राहिलं उघडं तोंड आणि उघडं भोक. घरात नुकत्याच वेचलेल्या कापसाचा ढीग होता. त्यानं मूठभर कापूस उपटला, पिळून त्याचा बोळा केला आणि माझ्या तोंडात कोंबला. चिमूटभर भोकात घातला. या गावात सगळे असंच करतात. तेलाची बाटली असो, औषधाची असो, बूच हरवलं की कापूस. घरात ढीग पडलेला असताना बूच विकत कोण आणतं? पण पेट्रोलच्या तोंडात कापूस म्हणजे वात झाली, हे कुणाच्या मनातही आलं नाही. मला कळत होतं. पण कॅनचं कोण ऐकतं?

हा कापूस दीपाचा होता. दीपा ही धम्मरत्नची बायको. दोन एकर मक्त्याची कपाशी तिनं एकटीनं वेचली होती. अळीनं खाल्लेली पिवळी कवडी वेगळी, पांढरा कापूस वेगळा, आणि त्यात पत्तीचा कचरा औषधालाही सापडायचा नाही. तिच्या बोटांना विलक्षण वेग होता. दर मंगळवारी ती आर्णीला शब्बीरच्या बायकोकडे, मेहनाजकडे, शिवण शिकायला जायची. एकदा मी पंपाबरोबर तिथेच होतो. मेहनाजनं दीपानं हातानं केलेली ब्लाउजची काजं शब्बीरला दाखवली आणि म्हणाली, "पाहा, मशीनची वाटते का नाही? मी वीस वर्षं झाली शिवून राह्यली, माझ्याच्यानं अशी होत नाही." दीपा लाजून हात पदराखाली घेऊन बसली. कापूस विकला की शिवणयंत्र घ्यायचं, हे तिचं ठरलेलं होतं. त्यासाठी तिनं घरात जागाही ठरवून ठेवली होती, खिडकीजवळ, उजेडात.

पण त्या साली भाव पडले. आज वाढेल, उद्या वाढेल म्हणून लोकांनी कापूस घरातच ठेवला. दीपाचं घर एका खोलीचं. ढीग आधी मागच्या भिंतीला होता, मग खिडकी झाकली गेली, मग बुद्धाच्या फोटोची भिंतही झाकायला आली. तेव्हा दीपानं फोटो काढून दाराजवळ आणला आणि खाली पाट मांडला. मी दारामागेच असायचो. बाहेर ठेवलं तर उन्हानं माझ्यातलं पेट्रोल उडून जायचं.

"अवो, हा डबा बाहेर ठेवा ना. वासानं डोकं दुखते माहं," दीपा म्हणायची.

"बाहीर पेट्रोल उडून जाते त्याच्यातलं. कापूस गेला की ठेवू ना."

कापूस काही जात नव्हता.

पौष पौर्णिमा आली. दुपारी धम्मरत्न मला काठोकाठ भरून मोटारसायकलवर घेऊन आला. रस्ता खड्ड्यांचा. घरी पोचेपर्यंत माझ्या तोंडातला बोळा पेट्रोलनं थबथबला होता. मला दारामागे ठेवून तो हातपाय धुवायला विहिरीवर गेला. दिवस मावळत होता. दीपानं बुद्धाच्या फोटोपुढच्या पाटावर फुलं ठेवली आणि तीन मेणबत्त्या लावल्या. पेट्रोलची वाफ जड असते, मित्रांनो. ती वर जात नाही, जमिनीवरून सरपटत जाते. माझ्यापासून त्या पाटापर्यंत अंतर होतं चार हात. मी जिवाच्या आकांतानं ती वाफ आवरायला पाहत होतो, पण बोळा काही आवरून धरत नाही.

भप्प असा आवाज झाला, आणि माझ्या तोंडावर दिवा पेटावा तशी ज्योत उभी राहिली.

दीपा दारातच होती. एक पाऊल मागे टाकलं असतं तर ती अंगणात असती. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मग माझ्यामागच्या कापसाकडे. ती पुढे आली, तिनं दोन्ही हातांनी मला उचललं आणि बाहेर धावली. मी तिला सांगत होतो, सोड, बाई, सोड मला. तिसऱ्या पावलाला बोळा निसटला. माझ्या आतलं पेट्रोल तिच्या हातांवर सांडलं आणि पेटलं. मग तिनं मला अंगणात फेकलं. विहिरीवरून धम्मरत्न ओरडत आला आणि त्यानं ओल्या पोत्यात तिचे हात गुंडाळले.

कापसाच्या एका पुंजक्यालाही धग लागली नाही.

दीपा दोन महिने यवतमाळच्या दवाखान्यात होती. शब्बीर आणि मेहनाज भेटायला गेले तेव्हा शब्बीर म्हणाला, "ओलं पोतं टाकून भाईर निघून यायचं होतं ना, पोरी. जळता डबा उचलते का कोनी?" तिनं एवढंच म्हटलं, "भाऊ, कापूस दोन हातावर होता." हे मी धम्मरत्नच्या तोंडून ऐकलं. तो एकटाच अंगणात बसून तेच तेच बोलायचा. एकदा कुऱ्हाड घेऊन माझ्यापाशी आला, उभा राहिला, आणि ती कुऱ्हाड टाकून लहान मुलासारखा रडला.

कापूस विकला गेला. शिवणयंत्रही आलं. दीपाला शब्द दिला होता, तर आणायलाच हवं, असं धम्मरत्नला वाटलं. खिडकीजवळच्या जागेवर, उजेडात, ते ठेवलं. मेहनाज आर्णीहून ते जुळवून द्यायला आली. दीपा यंत्रासमोर बसली. तिच्या उजव्या हाताची बोटं वाकत नाहीत आणि डावा अंगठा तळव्याला चिकटलेला आहे. तिनं दोरा सुईजवळ तीनदा नेला. मग म्हणाली, "भाभी, तुमीच ओवा." मेहनाजनं ओवला. पण दोरा ओवून पुढे काय? त्या दिवसापासून यंत्रावर जुनं लुगडं झाकलेलं आहे. रोज सकाळी दीपा मनगटानं त्याच्यावरची धूळ पुसते.

परवा तांड्यावरचा पूनमसिंग आला. त्याच्या हातात माझ्यासारखाच एक लाल कॅन होता, चोच तुटलेला. "दीपाबाई, मूठभर कापूस दे वं. याचं बूच हरवलं," तो सहज म्हणाला. दीपा नाही म्हणाली. तो हसला आणि शेजारच्या घरातून बोळा करून घेऊन निघाला. तेव्हा दीपा उठली, त्याच्या मागे रस्त्यापर्यंत गेली आणि तिनं दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. पूनमसिंगनं मान खाली घातली. बोळा काढून त्यानं खिशात टाकला. पुढच्या वळणावर तो परत कॅनमध्ये गेला की नाही, ते मला इथून दिसलं नाही. मला भरवसा वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल तर एवढं करा. त्याच्या तोंडाला आट्याचं घट्ट झाकण हवं, आणि पेट्रोलचा कॅन राहत्या घरात, दिव्याजवळ, चुलीजवळ ठेवायचा नाही, हे घरातल्या मोठ्यांना सांगा. ते पुढच्या बाजारी म्हणाले तर रुसा, भांडा, पण त्याच बाजारी झाकण आणायला लावा. आणि कधी पेटलाच, तर तो उचलू नका. मागे काय जळतं ते बघू नका, बाहेर पडा. मला बनवणाऱ्यांपर्यंत माझा आवाज पोचणार नाही, ते अजून चोची बनवत असतील. दीपा तरी किती जणांच्या मागे धावणार? तुम्ही तिचे हात न बघताच माझं ऐका.