कोण म्हणाले चार चांगले?

शिक्का मारणारे साहेब, तुम्ही खोटे लिहिलेत. माझ्या पोटाखाली एकदाही न वाकता लिहिलेत. खुर्चीतून उठला नाहीत, हातातला चहाचा ग्लास खाली ठेवला नाहीत, आणि माझ्या कागदावर 'चार चांगले' असे उमटवून मोकळे झालात. त्या दोन शब्दांनी एक माणूस मारला आणि दुसऱ्याचे हात मोडले. तुमचे नाव मला ठाऊक नाही. ते कुणीच सांगत नाही. म्हणून मी बोलते आहे.

मित्रांनो, मी एक जुनी लाल स्पोर्ट्स गाडी आहे. आता हे वाक्यही खरे नाही. मी एक नव्हते आणि लालही नव्हते. माझे पुढचे अर्धे अंग निळ्या गाडीचे आणि मागचे अर्धे अंग पांढऱ्या गाडीचे. दोन्ही एकाच कारखान्यात जन्मलो, समुद्रापलीकडे विकल्या गेलो, आणि एकमेकींना कधी भेटलो नाही.

निळीला मागून एका मालट्रकने धडक दिली. तिची मागची बाजू चुरगळलेल्या कागदासारखी झाली. चालवणारा चालत बाहेर आला आणि मागे वळूनही न बघता निघून गेला. पांढरीचे नशीब याहून वाईट होते. ती पुलाच्या खांबाला समोरून भिडली. आत दोघे होते. दार उघडेना, म्हणून पत्रा करवतीने कापून त्यांना ओढून काढले. ते बाहेर आले तेव्हा गप्प होते, आणि गप्पच राहिले. मित्रांनो, मला पहिल्यांदा कापले ते माणसांना बाहेर काढण्यासाठी. दुसऱ्यांदा कापले ते माणसांना आत बसवण्यासाठी.

ते दुसरे कापणे जॉर्डनमधल्या ज़र्का शहराबाहेर, एका पत्र्याच्या शेडमध्ये झाले. भंगाराच्या भावात दोन्ही गाड्या जहाजातून आल्या. ग्राइंडर किंचाळत फिरला. निळीचा मागचा भाग आणि पांढरीचा पुढचा भाग कोपऱ्यात फेकला गेला. उरलेले दोन तुकडे सीटच्या मागे, जमिनीजवळ, वेल्डिंगने चिकटवले. वरून पुट्टी भरली, घासली आणि चेरीसारखा लाल रंग मारला. आतल्या पत्र्यावर मात्र गालिचा अंथरला. रंग तरी कशाला वाया घालवा?

आमच्या जॉर्डनमध्ये जुन्या गाडीचा सांगाडा चार कोपऱ्यांत तपासतात. प्रत्येक कोपऱ्याला शेरा मिळतो. एखाद्या कोपऱ्यावर 'मार' लिहिले की किंमत पडते, 'कापलेला' लिहिले की गिऱ्हाईक पळते. चारही धड असले की 'चार चांगले'. लोक मुलगी बघायला जातात तेव्हाही इतक्या आदराने कुणाचे घराणे सांगत नाहीत, जितक्या आदराने बाजारात 'चार चांगले' म्हणतात. ते शब्द कानावर पडले की माणूस वाकून बघणे सोडतो.

कुतैबाने तेच केले.

तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. दिवसभर लोकांना नीट दिसावे म्हणून खपायचा आणि संध्याकाळी मोबाइलवर वेगवान गाड्यांची चित्रे बघायचा. पहिलीवहिली गाडी घ्यायची तर अशीच, हे त्याने मिसरूड फुटायच्या वयात ठरवून टाकले होते. बाजारात त्याच्याबरोबर बुर्हान नावाचा मित्र आला होता. त्याला गाड्यांतले सगळे कळते, असे बुर्हानचेच म्हणणे होते. त्याने माझ्या टायरला लाथ मारली, इंजिन गुरगुरवले आणि मान डोलावली. कुतैबाने माझ्या टपावरून तळवा फिरवला, त्याच्या काचांवरून फिरवतो तसा. खालून बघायचे का, असे दलालाने आपण होऊनच विचारले, आणि लगेच कागद पुढे केला. कुतैबा लाजला. शिक्का असताना खाली वाकणे म्हणजे समोरच्याला खोटारडे म्हणण्यासारखे, असे त्याला वाटले. सभ्य माणसाची चूक होती ती.

घरी नेले तेव्हा त्याची आई मला बघायला दारात आली. गुडघे धरत, एक हात टपावर ठेवत ती कशीबशी सीटवर उतरली.

"एवढे पैसे टाकून जमिनीवरच बसायचं, तर घरातली चटई काय वाईट होती रे?" ती म्हणाली.

त्याचे काका अबू ज़ैदान यांनी तर बसायलाच नकार दिला. ते म्हणाले, मला उचलून बाहेर काढायला तुझे सगळे चुलतभाऊ लागतील. कुतैबा हसत राहिला. काचा पुसायच्या मऊ फडक्याने तो रोज मला पुसायचा. ते दिवस माझे सुखाचे होते, हे मी नाकारत नाही. इतक्या मायेने मला कुणी हात लावला नव्हता.

पण वेल्डिंगला माया कळत नाही. उन्हात माझे दार अडकू लागले. वळणावर सीटच्या मागे टक् आवाज येई. कुतैबाने बुर्हानला विचारले.

"स्पोर्ट्स गाडी आहे भावा, गाढव नाही. ही अशीच बोलते," बुर्हान म्हणाला.

मी बोलत नव्हते, मित्रांनो. मी फाटत होते.

उन्हाळ्याच्या एका दुपारी कुतैबा एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचा चष्मा पोचवायला मफरकच्या रस्त्याने निघाला. वेग साठ. माझ्या काट्याला विचारा. रस्त्याच्या कडेला अबू सत्तामचा टरबुजांचा मांडव होता. अबू सत्ताम गिऱ्हाइकासाठी टरबूज कापत उभा होता. मांडवाच्या थोडे अलीकडे, कसलीही पाटी नसलेला, रंग न लावलेला गतिरोधक होता. असे आमच्याकडे जागोजागी आहेत. तो दिसताच कुतैबाने ब्रेक दाबला. पुढची चाके चढली, उतरली. मागची चढली, आणि माझे दोन तुकडे झाले.

निळे अंग कुतैबाला घेऊन डांबरावर घासत, ठिणग्या उडवत गेले. पांढरे अंग पेट्रोलच्या टाकीसह गरगरत मांडवात शिरले. अबू सत्तामला सुरी खाली ठेवायलाही वेळ मिळाला नाही. बांबू मोडले, टरबुजे फुटली आणि त्यांच्यातच तो कमरेतून तुटला. माझ्या आयुष्यात मी तिसऱ्या माणसाच्या हाडांचा आवाज ऐकला. त्याची सवय होत नाही.

लोक धावले. काहींनी अबू सत्तामवर चादर टाकली. बाकीचे कुतैबाकडे गेले. लाल गाडी, तरुण पोरगा, रस्त्यात प्रेत. आणखी काय बघायचे होते त्यांना? त्याला खिडकीतून ओढला. लाथांनी तुडवला. तो डोके झाकत होता, म्हणून एकाने त्याचे हात डांबरावर दाबून त्यांच्यावर टाच मारली. तो एकच शब्द ओरडत होता, साठ, साठ. पोलीस आले तेव्हा त्याची बोटे वेगवेगळ्या दिशांना वळलेली होती. पोलिसांनी त्याला कोठडीत टाकले आणि अहवालात लिहिले: बेफाम वेग. माझ्या तुटलेल्या कडेला आतला निळा रंग दिसत होता. पण तो बघायला वाकावे लागते, आणि कागदावर मी 'चार चांगले' होते. म्हणजे जोड नव्हताच. म्हणजे वेगच.

त्याच आठवड्यात चष्म्याच्या दुकानाच्या काचा दगडांनी फुटल्या. कुतैबाच्या आईने माहेर गाठले. रक्ताचे प्रकरण होते. अबू सत्तामचा धाकटा भाऊ हायल याने उघड सांगितले होते, की कोर्ट सोडेल त्या दिवशी मी त्याला दारातच गाठीन.

मग अबू ज़ैदान वडीलधारी माणसे घेऊन हायलच्या घरी माफी मागायला गेले. तिथे काय झाले ते नंतर माझ्यासमोरच बोलले गेले, म्हणून मला ठाऊक आहे. अशा वेळी पाहुण्यापुढे कॉफीचा पेला ठेवतात. मागणे मान्य होईपर्यंत पाहुणा त्याला ओठ लावत नाही. अबू ज़ैदान यांनी पेला तसाच ठेवला आणि माफी मागितली. हायलने विचारले, किती वेगात होता तो? काका म्हणाले, तो साठ सांगतो.

"साठच्या वेगात गाडीचे दोन तुकडे होतात?" हायल म्हणाला. "माझ्या भावाचे झाले ते दिसतंय. वर तुमच्या खोट्याला मी साखर घालून देऊ?"

कॉफी गार झाली. सगळे उठले.

त्यानंतर बरोबरच्या मंडळींनी काकांना सोपी वाट सांगितली. पोराने एवढेच कबूल करावे, की मी बेफाम होतो. मग हायल माफ करील, पेला उचलला जाईल, कुतैबाचा जीव वाचेल. काका हा निरोप घेऊन कोठडीत गेले. कुतैबाने मोडके हात गजांवर ठेवले आणि नाही म्हणाला. मी वेगात होतो असे म्हटले, तर ज्याने शिक्का मारला तो उद्याही मारील, असे त्याचे म्हणणे होते. काकांनी त्याला मूर्ख म्हटले, हट्टी म्हटले, आईच्या जिवावर उठलेला म्हटले. तो ऐकेना. जीव जाईल, पण खोटे बोलून वाचणार नाही, यावर तो अडून बसला.

मी तोवर जप्त गाड्यांच्या आवारात धूळ खात पडले होते. माझे दोन्ही तुकडे शेजारी शेजारी टाकले होते. एका सकाळी हायल आला. हातात पहार होती. पहारेकऱ्याने त्याचा चेहरा बघितला, सिगारेट पेटवली आणि पाठ फिरवली.

पहिला घाव काचेवर पडला. दुसरा बॉनेटवर. तो शिव्या देत नव्हता. प्रत्येक घावाला फक्त भावाचे नाव घेत होता. माझे दिवे फुटले, दार लोंबू लागले, लाल रंगाचे पापुद्रे उडाले. त्याच्या हातांची सालटी निघाली तरी तो मारतच होता. मला दुखत होते आणि मी आतल्या आत म्हणत होते, मार, आणखी मार. कारण पापुद्र्यांखालून निळी दिसू लागली होती.

तो दमला. घाम पुसून मागच्या तुकड्याकडे वळला. तिथे पहिल्याच घावाला पुट्टीचे ढेकूळ निघाले आणि खाली पांढरा पत्रा उघडा पडला. त्याने पहार पुन्हा उचलली आणि तशीच धरून उभा राहिला. पांढऱ्याकडे बघितले. मागे वळून निळ्याकडे बघितले. मग माझ्या आयुष्यात पहिल्यांदा एक माणूस माझ्यापुढे गुडघे टेकून खाली वाकला. त्याने तुटलेल्या कडेवर नख फिरवले. वेल्डिंगची रेघ सुईच्या टाक्यांसारखी उसवली होती.

"ही गाडी एक आहे की दोन?" त्याने पहारेकऱ्याला विचारले.

"साहेबांच्या कागदावर एक आहे," पहारेकरी म्हणाला.

हायलने अबू ज़ैदान यांना तिथेच बोलावून घेतले. काका आले ते जीव मुठीत धरून. समोर पहार बघून त्यांचा चेहरा उतरला. हायलने त्यांच्या मनगटाला धरले आणि त्यांचा हात आधी निळ्यावर ठेवला, मग पांढऱ्यावर. मग त्या घरच्या बैठकीचा विषय निघाला. तो गार पेला, ते साखरेचे बोलणे, सगळे पुन्हा उगाळले गेले. हायल माझ्या मडगार्डवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. काका त्याच्या शेजारी उभे राहिले, पाठीवर हात न ठेवता. तेवढा हक्क अजून मिळाला नव्हता.

"काका," शेवटी हायल म्हणाला, "तुमची कॉफी आमच्याकडे गार झाली. चला, ताजी करतो. पिऊन जा."

आवाराच्या फाटकापाशी तो थांबला.

"पण एक पेला भरून ठेवणार आहे. ज्यानं हिला चार चांगले म्हटलं, त्याच्यासाठी. त्यानं येऊन समोर बसावं."

हायलनेच पोलिसांना जोड दाखवला, आणि कुतैबा सुटला. दारात त्याला कुणी गाठले नाही. पण त्याची बोटे आता काच धरू शकत नाहीत. धरली की थरथरतात आणि काच खाली पडते. हायल आणि अबू ज़ैदान दोघे मिळून कचेऱ्यांचे उंबरे झिजवतात. एका खिडकीवर सांगतात, तपासणारा बदलून गेला. दुसरीवर सांगतात, शिक्का आमचा आहे, पण हात कुणाचा ते सांगता येत नाही. हात झटकायला सगळे तयार. हात दाखवायला कुणी नाही.

मित्रांनो, तुम्ही कधी गाडी घ्याल. तिच्या रंगावर भाळा, हरकत नाही, मीही देखणी होते. पण गालिचा उचला. खाली वाका. समोरच्याला राग आला तर येऊ द्या. कपडे मळले तर धुता येतात. आणि ज्याला गाडीतले सगळे कळते, अशा मित्राला घरी ठेवून जा.

काल आवारात एक दलाल आला होता. निळे अंग त्याने मार खाऊनही पसंत केले. इंजिन शाबूत आहे, म्हणाला. खडूने माझ्यावर रेघ ओढून गेला, जिथून कापायचे तिथे. कुठेतरी एक मागचा तुकडा माझी वाट बघत असेल. नवा रंग येईल. मग मला पुन्हा तुमच्या दारात आणतील, साहेब, आणि तुम्ही पुन्हा शिक्क्याकडे हात न्याल.

त्याआधी माझ्याशी बोला. हायलच्या घरी एक पेला रोज भरला जातो आणि रोज गार होतो. तुम्ही खाली का वाकला नाहीत? अबू सत्तामच्या बायकोसमोर बसून सांगा. मी ऐकते आहे. सांगा.