देणारीचं वजन

सौरवने गुडघ्यांवर हात टेकून काट्यावरचा आकडा वाचला आणि स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितला. एक्क्याऐंशी. त्याची वहिनी सरिता अजून काट्यावरच उभी होती. हळदीकुंकवाचं बोलावणं द्यायला आलेल्या शेजारच्या काकू सोफ्यावर बसल्या होत्या, त्यांनीही जिभेने चुकचुक केली.

"मागच्या रविवारी ऐंशी होतं, वहिनी," सौरव म्हणाला. "कमी करून राहिली का वाढवून राहिली?"

आत सासूबाईंनी, प्रेमिलाबाईंनी, पातेलं ओट्यावर आपटलं. दर रविवारी हा कार्यक्रम असाच दिवाणखान्यात होई. वजन सरिताचं, पण ते वाचायला, ऐकायला आणि त्यावर बोलायला कुणालाही मोकळीक होती. तिचा नवरा अंकुश खिडकीजवळ बसलेला असे आणि आकडा सांगितला जायच्या वेळी पेपर तोंडासमोर धरी. आजही त्याने धरला होता.

अंकुश खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरीला. वर्षभरापूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. किडनी कुणी द्यायची, यावर या घरात कधी चर्चा झालीच नाही. प्रेमिलाबाईंना शुगर होती. सौरवचं लग्न व्हायचं होतं आणि एक किडनी काढलेल्या मुलाला मुलगी कोण देणार, असा प्रश्न होता. राहता राहिली सरिता. तिचा रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्या जुळल्या, तेव्हा प्रेमिलाबाईंनी गल्लीत पेढे वाटले. अडलं ते वजनावर. दहा-बारा किलो उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही, देणाऱ्याच्याही जिवाला धोका असतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यातलं पहिलं तेवढं सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

गंमत अशी की काही वर्षांपूर्वी सरिताने स्वतःहून सकाळी फिरायला जाते म्हटलं होतं. तेव्हा मग डबा कोण करणार, एवढं विचारून तो विषय मिटवला गेला होता. आता तिच्यासाठी न मागता बूट आले. ती खरंच चालते का, हे बघायला सौरव बाईकवरून चक्कर टाकू लागला. पोळ्या मोजून पानात पडू लागल्या. या सगळ्याचा तिला भयंकर संताप यायचा, पण ती चालत राहिली आणि पावसाळा संपेपर्यंत सहा किलो उतरलेही.

मग उमरेडजवळच्या गावी तिचे वडील वारले. ती महिनाभर आईपाशी राहिली. सुरुवातीचे कित्येक दिवस कुणी ना कुणी सोयरे कडू घास घेऊन येत आणि दुःखातल्या माणसाला समोर बसून खायला लावत. त्याला नको म्हणायचं नसतं. आणि म्हणणार तरी काय, की माझं रविवारी वजन आहे? तिने खाल्लं. आई जेवत नव्हती म्हणून आईबरोबर तिच्या ताटात पुन्हा खाल्लं. नंदनवनला सासरी परतली तेव्हा गेलेलं सगळं अंगावर परत आलं होतं, आणि पहाटे उठून बूट घालायचं त्राण तेवढं उरलं नव्हतं.

"माहेरी जाऊन चरून आली," असं प्रेमिलाबाईंनी फोनवर आपल्या नणंदेला सांगितलं. सरिता तेव्हा शेजारच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होती. तिचा बाप गेला होता, हे त्या संपूर्ण फोनमध्ये एकदाही आलं नाही.

एक्क्याऐंशी भरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सगळे दवाखान्यात गेले. डॉक्टर श्वेता मॅडमनी एकट्या सरितालाच आत बोलावलं. मागोमाग प्रेमिलाबाई निघाल्या, त्यांना नर्सने दारात थांबवलं आणि दार लावून घेतलं. सरिता खुर्चीत बसली आणि वाढलेल्या वजनाची कारणं मनात जुळवू लागली. पण मॅडमनी वजनाचं काही विचारलंच नाही. त्यांनी विचारलं की तुम्हाला किडनी द्यायची आहे का.

"रक्तगट जुळला ना, मॅडम," सरिता म्हणाली.

ते मला माहीत आहे, मी तुमची इच्छा विचारते आहे, असं मॅडम म्हणाल्या. देणाऱ्याला हे एकट्यात विचारायचंच असतं, असंही त्यांनी सांगितलं. एवढ्या महिन्यांत सरिताला सगळ्यांनी सगळं विचारलं होतं. भात खाल्ला का, किती फिरलीस, बिस्किटाचा पुडा कुणी फोडला. हे कुणी विचारलं नव्हतं.

"मनात नसेल तर मोकळेपणाने सांगा," मॅडम म्हणाल्या. "मी घरच्यांना सांगेन की वजनामुळे जमत नाही. तुमच्यावर काही येणार नाही."

मॅडमनी हे भल्यासाठीच म्हटलं होतं, हे सरिताला कळत होतं. तरी तिची कानशिलं तापली.

"माझ्यावर येणार नाई?" ती म्हणाली. "मॅडम, हिनं खाऊन खाऊन नवऱ्याले मारलं, असं म्हणतीन ते जन्मभर. मले नाई म्हणायचं असलं तर माझ्या तोंडानं म्हणीन. तेही वजनावर कशाले ढकलता?"

तुमचं बरोबर आहे, मॅडम म्हणाल्या. सरिताने उद्या सांगते म्हटलं आणि ती उठली.

बाहेर प्रेमिलाबाईंनी तिला दारातच गाठलं. किती उतरवायला सांगितलं, तारीख कोणती दिली, असं एकामागून एक विचारलं.

"द्यायची आहे का म्हणून विचारलं त्यांनी," सरिता म्हणाली. "मी उद्या सांगते म्हटलं."

"उद्या काय सांगतेस?"

"हो का नाई ते."

सौरवने मोबाईलमधून मान वर केली. बाकावरची दुसरी माणसंही बघू लागली. हे काय विचारणं झालं, नवरा आहे तो तुझा, असं प्रेमिलाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

"तुमचा मुलगाही आहे ना, आई," सरिता म्हणाली. "अन् याचा भाऊ."

सौरव बाईक काढतो म्हणून निघून गेला. प्रेमिलाबाई त्याच्या मागे गेल्या आणि जाताना सरिताकडे बघितलंही नाही. अंकुश बाकाच्या टोकाला बसून होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

परतताना ऑटोत ती दोघंच होती. महाल भागातल्या गर्दीत ऑटो अडकला. सरिता बाहेर बघत होती. तिचा खरा राग सासूवर नव्हता, सौरववर तर नव्हताच. तो शेजारी बसलेल्या या माणसावर होता.

"मी तुले कधी विचारलंच नाई," अंकुश म्हणाला.

"काहून नाई विचारलं?"

पुढचा हातठेला बाजूला झाला आणि ऑटो सुटला.

"तू नाई म्हणशील, याचं भेव होतं," तो म्हणाला. "आता विचारतो. नाई म्हटलं तरी चालते. घरी मी सांगीन, मलेच नको होती म्हणून. तुह्यावर येऊ देणार नाई."

सरिताने त्याच्याकडे पाहिलं. सुया टोचून टोचून गाठी आलेला त्याचा हात मांडीवर पडला होता. इतके दिवस तो एवढं बोलला असता तरी तिला पुरलं असतं, आणि तो बोलला नव्हता, याचा तिला आत्ता सगळ्यात जास्त राग आला.

"उत्तर डॉक्टरले देईन," ती म्हणाली. "उद्या देते म्हटलं आहे."

त्याने मान हलवली. नंदनवनच्या बऱ्याच अलीकडे तिने ऑटो थांबवायला सांगितला. यांना घरापर्यंत सोडा, असं ऑटोवाल्याला सांगून ती खाली उतरली. अंकुशने कुठे चाललीस म्हणून विचारलं.

"घरी," ती म्हणाली. "चालत येते मी."

ऑटो थोडा वेळ तिच्या बरोबरीने हळूहळू येत राहिला. तिने हातानेच पुढे जा म्हणून खूण केली. तो दिसेनासा झाला तेव्हा तिने पदर खोचला. राग अजून उतरला नव्हता, त्यामुळे पाय भराभर पडत होते.