रविवारचं ऊन, बुधवारचे फोड

निलंग्याबाहेरच्या माळावर पाय ठेवायला जागा नव्हती. भास्करमहाराजांच्या पत्र्याच्या मांडवापुढं उघडं पटांगण, आणि पटांगणाच्या मधोमध महाराजांनी दोन्ही हातांनी उचलून धरलेली तीन वर्षांची मनस्विनी. डोक्यावर टोपी नाही, अंगात बिनबाह्यांचं झबलं. जिला उन्हाची तिरीप सोसत नव्हती, ती पोर चैत्रातल्या बाराच्या उन्हात टाळ्या पिटत होती.

"बघा!" महाराज आभाळाकडं मान वर करून गरजले. "सूर्याला काल निरोप धाडला म्या. म्हणलं, बाबा रे, हे लेकरू आपलं हाय. चावलास तर तुलाच ग्रहण लावीन!"

"अगं बया, लालसुद्धा झाली न्हाई की पोरगी!" मागून एक बाई म्हणाली, आणि जयजयकारानं पत्रे थरारले.

कडेला पोरीची आई शिवकन्या रडत होती. शेजारी अव्वा हात जोडून उभी. अव्वा म्हणजे गुरम्मा. शिवकन्येची सासू, आणि आईची आईसुद्धा. शिवकन्येला सख्ख्या मामाला, वैजनाथला दिलेली. त्या भागात त्याचं कुणाला नवल नाही. "घरची पोर घरात" म्हणून अव्वानंच जुळवलेलं. लग्नानंतर वर्षभर शिवकन्या नवऱ्याला चुकून "मामा" म्हणायची आणि घरभर हशा पिकायचा.

महाराजांनी तिला पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "ग्रहणात काय कापलंस?"

आणि शिवकन्येला लगेच आठवलं होतं. पोर पोटात असताना दिवाळीतच सूर्यग्रहण आलेलं. बी.एस्सी. झालेली ती, मायक्रोबायोलॉजी घेऊन. "अव्वा, ती सावली आहे, विळी नाही," असं हसत हसत तिनं मुद्दाम पेरू कापून खाल्ला होता. आता तो पेरू तिच्या घशात अडकून बसला होता. ग्रहण नसतं तर महाराजांनी अमावास्या काढली असती, अमावास्या नसती तर आडवं गेलेलं मांजर. पण हे तेव्हा कुणाला सुचणार?

उपचार सोपा. पोरीला सात दिवस घरातच काळे पडदे लावलेल्या खोलीत ठेवायचं. त्याचं नाव 'सूर्यमौन'. लाली उतरायची, फोड सुकायचे. तोंडावरचे काळे ठिपके मात्र जायचे नाहीत. "ती देवाची सही हाय, पुसू नये," म्हणायचे महाराज. मग रविवारी भर दुपारी पटांगणात दर्शन, आणि घरी गेल्यावर पुन्हा पडदे आणि महाराजांनी घालून दिलेला नेम. मागच्या खेपेला असंच झालं होतं आणि बुधवारी पोर पुन्हा भाजली होती. महाराजांनी डोळे मिटून सांगितलं, "घरात नेम मोडला. आईनं मोडला." शिवकन्येनं आठव आठव आठवलं, आणि तिला काहीतरी सापडलंच. विटाळाच्या दिवसात पोरीची वेणी घातली होती. स्वतःला दोषी समजणाऱ्याला पुरावा शोधायला वेळ लागत नाही.

म्हणून या खेपेला घरी येताच अव्वानं फर्मान काढलं. "शिवे, तू लेकराजवळ यायचं न्हाई. तुझाच दोष नडायलाय. मीच बसते."

अव्वानं पडदे ओढले, आतून कडी घातली. शिवकन्या उंबऱ्याबाहेर. आत पोर "आई, आई" करायची आणि ही पदर तोंडात कोंबून बसायची.

हाताला काम नाही, म्हणून ती मोबाइलमधले पोरीचे फोटो चाळत बसली. मागच्या खेपेचं दर्शन, रविवार. फोड, बुधवार. आणखी मागं गेली. येळवस, मार्गशीर्ष अमावास्येचा शेतातला सण. दिवसभर शेतात, कडब्याच्या खोपीपुढं पोर मातीत खेळलेली. फोटोत चकचकीत हसते आहे. आणि पापण्या सुजलेला फोटो? तारखा बोटांवर मोजल्या. तिसरा दिवस. तेव्हा महाराज नव्हते, नेम नव्हता. फक्त ऊन होतं.

बुधवारी पहाटे अव्वानं कडी काढली. तिचा आवाज चिरकला होता.

"शिवे... फोड आले गं. मी जागची हालले न्हाई. कायबी मोडलं न्हाई मी!"

शिवकन्येनं तिला फोटोंच्या तारखा दाखवल्या, आणि सूर्य उगवायच्या आत पोरीला चादरीत गुंडाळून दोघींनी लातूरची एस.टी. धरली. कातडीच्या डॉक्टर सुकन्याबाईंनी ठिपके पाहिले, फोड पाहिले, मोबाइलमधल्या तारखा दोनदा पाहिल्या.

"या तुम्ही टिपल्या? शाब्बास. रक्त तपासायला पाठवू, पण मला झेरोडर्मा पिग्मेंटोझम वाटतोय." मग त्या अव्वाकडं वळल्या. "अव्वा, शरीर चालवायची सगळी अक्कल प्रत्येक पेशीत एका बारीक दुपदरी धाग्यावर लिहिलेली असते. त्याला डीएनए म्हणतात. ऊन लागलं की तो धागा सगळ्यांचाच बिघडतो, माझाही, तुमचाही. पण आत रफूगार बसलेला असतो. खराब तुकडा कापतो आणि समोरचा चांगला पदर बघून नवा विणतो. मनूच्या पेशीत तो रफूगारच कामाला येत नाही. बिघडलेल्या पेशी लगेच मरत नाहीत, म्हणून लाली दोन-तीन दिवसांनी चढते. तुमच्या महाराजांचा चमत्कार तेवढ्या दोन दिवसांचा."

"आणि अंधारात बरी व्हायची ती?"

"अंधारात ऊन नसतं, अव्वा."

शिवकन्या खाली बघत होती. हाच धागा तिनं तिसऱ्या वर्षाला स्केचपेननं रंगवून काढला होता. पाच मार्कांचा प्रश्न, पाचही मिळालेले. आणि तोच धागा बिघडलेलं लेकरू ती दोनदा महाराजांच्या हातात देऊन आली होती.

"पण हिलाच का?" अव्वानं विचारलं.

"रफूच्या कृतीची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. दोघांकडं त्या कृतीच्या दोन-दोन पोथ्या असतात. लेकराला देण्याआधी त्यांच्या पानांची आपसांत अदलाबदल होते, त्यातून एक नवी पोथी जाते. एक पान फाटकं आलं तरी दुसऱ्यावर भागतं. पण आई-बाप एकाच घरातले असले, तर तेच फाटकं पान दोन्हीकडून यायची शक्यता वाढते."

अव्वानं पोरीची चादर नीट केली. मग म्हणाली, "म्हंजे पेरूनं न्हाई. म्या जुळवलं, त्यानं."

"तुम्हाला कुठं ठाऊक होतं?" डॉक्टर म्हणाल्या. "याला औषध नाही. ऊन टाळायचं, अंग झाकायचं, डोळ्यांना चष्मा, दर तीन महिन्यांनी मला दाखवायचं. नाहीतर याच ठिपक्यांतून कॅन्सर होतो. पुन्हा त्या पटांगणात नेलंत, तर पोर हातची जाईल."

परत येईतो दिवस मावळला होता. मांडवात आरती चालली होती. अव्वा पोरीला कडेवर घेऊन थेट पुढं गेली आणि तोंडावरची चादर काढली. रविवारी "लालसुद्धा झाली न्हाई" म्हणणारी बाई तिथंच होती. तिनं तोंडावर हात ठेवला.

महाराजांनी सवयीनं डोळे मिटले. "नेम मोडला. आईचं पाप..."

"आई खोलीत नव्हती," शिवकन्या म्हणाली. "रविवारपासून कडी आतून अव्वाच्या हातात होती."

"मग घरात दुसऱ्या कुणी..."

"मी होते की!" अव्वा कडाडली. "सांगा, माझं पाप कोणतं? नेमाबाहेर पाण्याचा घोटबी घेतला न्हाई म्या!"



"हे लेकरू रविवारी दाखवता," शिवकन्या पुढं होत म्हणाली. "बुधवारी का नाही दाखवत? उन्हाचा फोड तिसऱ्या दिवशी येतो. तुम्ही अंधारात बरी करता, उन्हात भाजता, आणि फोड येईस्तोवर लोक घरी गेलेले असतात. घ्या, तारखा बघा." तिनं मोबाइल त्या बाईच्या हातात दिला. तो हातोहात मागं गेला, शेवटच्या रांगेपर्यंत.

महाराजांना एकाएकी ध्यानाची वेळ झाली. ते उठून आत गेले आणि त्या दिवशी पुन्हा बाहेर आले नाहीत.

काळे पडदे अजून त्या घरात आहेत. अव्वानं आपल्या इरकली लुगड्याचं मनूच्या डोक्याला कुंचडं शिवलंय, कानामानेवरून झालर लावून. दिवस मावळला की मनू अंगणात सुटते. शिवकन्येची धाकटी बहीण आत्याच्या पोराला द्यायचं घाटत होतं; ती बोलणी अव्वानं स्वतः जाऊन थांबवली. "तोंड दाखवायला लाज वाटली, पण गेले," एवढंच म्हणाली.

शिवकन्येला पेरू अजून खाववत नाही. त्यात काही नव्हतं हे तिला पक्कं ठाऊक आहे. तिला सलतात ते दोन रविवार. म्हणून लेकरू आजारी पडलं की धावत येणाऱ्या गल्लीतल्या प्रत्येक आईला ती एकच सांगते: काय पाप केलं ते आठवत बसू नका. काय झालं, कधी झालं, ते तारखेनिशी लिहा, आणि ती वही घेऊन डॉक्टरकडं जा.