शेरवानीची बाही

अनंतरावांनी आपला दिवाणखाना बालमंदिराला दिला, तेव्हा त्यांना वाटलं होतं की पोरं तिथं पाटीवर श्री गिरवतील. आम्ही तिथं ज्वारी ओतत होतो. एका वाटीतून दुसरीत, मग परत पहिलीत. मूग आणि मटकी निवडून वेगळी करत होतो. ही बातमी गुलमंडीच्या बाजारापर्यंत गेली आणि तिथून फिरून अनंतरावांच्या कानावर आली.

एका सकाळी ते दारात उभे राहिले. डोक्याला टोपी, हातात काठी, अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट.

"बाई, ही शाळा आहे की लग्नघराची कोठी?"

"बोटं तयार होतायत, काका. बोटं तयार झाली की लेखणी धरायला जड जात नाही."

"आमच्या नातीला, मिनूला विचारलं, आज काय शिकलीस. म्हणाली, बटणं लावायला. त्याला शाळा लागते?" त्यांनी हात पुढं केला. "उद्यापासून दिवाणखाना मोकळा पाहिजे मला. किल्ली द्या."

औरंगाबादेत एवढ्या उजेडाची जागा मला दुसरं कोणी देणार नव्हतं. सगळ्यांना विचारून झालं होतं. मी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली आणि म्हटलं, "आजचा वर्ग तेवढा होऊ द्या. तुम्हीही बसा."

बसा म्हटलं खरं, आणि मग आठवलं, त्यांच्यासमोर काय येणार ते. बटणं लावायला शिकायची लाकडी चौकट.

मी पालकांना सांगितलं होतं, बटणांचं जुनं कापड असेल तर पाठवा. अनंतरावांच्या सुनेनं, दमयंतीनं, एक काळी शेरवानी आणून दिली. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, आणि आमच्या गावातल्या कितीतरी शेरवान्या पेटीच्या तळाशी गेल्या. घालावी की टाकावी हे कोणाचं ठरत नव्हतं. कापड खाणाऱ्या कसरीचं तेवढं ठरलेलं होतं. "सासऱ्यांना विचारलंस का?" असं मी म्हटलं, तर दमयंती म्हणाली, "विचारलं तर नाही म्हणतील, बाई. म्हणून नाही विचारलं." या उत्तरावर मी गप्प बसायला नको होतं. पण कापड फार सुरेख होतं. पुढचे दोन पदर लाकडी चौकटीवर ठोकले, आणि एक बाही कोपरापाशी कापून, तिचं मनगट शिवून चाचपण्याची पिशवी केली. तिच्यात वस्तू टाकायची, डोळे मिटून हात घालायचा, आणि बघितल्याशिवाय ओळखायची.

अनंतराव भिंतीशी लाकडी खुर्चीवर बसले. समोर मिनू आपल्या बसकरावर चौकट घेऊन बसली होती. वरून तिसरं बटण पितळेचं, बाकीची काळी.

अनंतराव बघत राहिले. मग उठले, वाकले, त्या पितळी बटणावर बोट ठेवलं.

"हे मिनूच्या आजीनं लावलंय," ते म्हणाले. "काळं मिळेना म्हणून. कचेरीत पेशकार होतो, महिनाभर सगळे हसत होते मला."

माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मीही छताकडे बघत होते.

"आजोबा, उभं राहून नाय करायचं," मोंढ्याच्या धान्यबाजाराकडून येणारा सांडू म्हणाला. "बसकर घ्या. माझं घ्या."

आणि ते बसले. त्यांच्या उजव्या हाताची बोटं गेल्या हिवाळ्यापासून ऐकत नव्हती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. रोज सकाळी दमयंती त्यांच्या कोटाची बटणं लावायची आणि ते तेवढा वेळ भिंतीवरचं कॅलेंडर वाचायचे. आता त्यांनी बटण काजात घालायला घेतलं. निसटलं. परत धरलं.

मिनूचा हात पुढं गेला. मग तिनं तो स्वतःच मागं घेऊन मांडीखाली दाबून धरला.

"मी मदत करणार नाही हं, आजोबा," ती म्हणाली. "ज्याचं काम त्यानं करायचं असतं."

"कोणी सांगितलं?"

"बाईंनी."

"हं."

वरच्या टोकाला पोचले तर एक बटण उरलं आणि काजं संपली. कुठंतरी खाली एक काज चुकलं होतं. चूक कोणी दाखवायची नाही, उरलेलं बटण दाखवतं, हा आमचा रिवाज. सांडूला फार अवघड गेलं, त्यानं तोंडावर हात ठेवला. अनंतरावांनी ते उरलेलं बटण न्याहाळलं, आणि एक एक करून सगळी सोडली.

तेवढ्यात दमयंती दारात आली. "मामंजी, पानं घेतलीत."

"आजोबा कामात आहेत," मिनू म्हणाली.

दमयंतीनं चौकट बघितली, सासरे बघितले, आणि ती आली तशी गेली.

दुसऱ्यांदा बटणं बरोबर लागली. अनंतरावांनी तळहात त्या पदरांवरून फिरवला.

"बाह्या कुठंयत?" त्यांनी विचारलं.

सांडूनं पिशवी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. "डोळे मिटा. लई मजा येती."

त्यांनी डोळे मिटले आणि आपल्याच बाहीत हात घातला. या वेळी कोपरापर्यंतच गेला. "सुपारी," ते म्हणाले. पोरांनी मान हलवली. "चिंचोका. ही फिरकी. आणि हे... वांगं? वांगं कोणी टाकलं?"

"मी," सांडू म्हणाला. "शेतातलं हाय."

अनंतराव हसले. ते हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. मग म्हणाले, "आता मी टाकतो. सगळ्यांनी तिकडं तोंड करा. बाई, तुम्हीसुद्धा."

आम्ही भिंतीकडे तोंड केलं.

"मिनू, ये. ओळख."

आम्ही वळलो तोवर तिनं डोळे मिटून हात आत घातला होता. वांगं बाजूला सारलेलं कळलं. मग तिचा हात थांबला.

"लोखंडाचं आहे. गार आहे. दात आहेत." ती थोडा वेळ चाचपत राहिली. "किल्ली. आपल्या दिवाणखान्याची."

"मग ज्यांची आहे त्यांना दे," अनंतराव म्हणाले, आणि काठी शोधायला लागले.

मिनूनं ती माझ्या हातात आणून दिली.

दारापाशी ते वळले. "पेटीत दुसरी एक शेरवानी आहे, बाई. राखाडी. तिला हात लावायचा नाही. आणि दमयंतीला सांगा, उद्या सकाळी कोट नुसता खुंटीवर ठेव. मी इथं येऊन घालीन."

"वेळ लागेल, काका."

"लागू दे," ते म्हणाले. "कामात असलो तर मधे बोलू नका."